सगळ्यांत वरचा मुद्दा

मावशी जिथे काम करीत होती ते पाळणाघर महिनाअखेर बंद होणार होते आणि इस्पितळाच्या पाळणाघरात पर्यवेक्षिकेची एकच जागा होती. त्या जागेसाठी मावशीचा बायोडेटा भाची टाइप करीत होती. मावशीने वहीची दोन पाने भरून आणली होती; भाचीने त्यांचे पाच मुद्दे केले.

"निबंध कोण वाचतंय, मावशी? चहा निवेपर्यंत साहेबांना दहा बायोडेटा उरकायचे असतात. एका ओळीत एकच काम, जमेल तिथे आकडा, आणि सगळ्यांत वजनदार मुद्दा सगळ्यांत वर."

सगळ्यांत वर तिने लिहिले होते : 'स्वयंपाकघरात आग लागली असता सव्वीस मुलांना चार मिनिटांत सुखरूप बाहेर काढले.'

मावशीने चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली. "ही काढ."

"का? खोटं आहे?"

"खरं आहे. पण डोकं माझ्या कामातल्या जोडीदारणीचं चाललं. मी नुसती ती सांगेल तशी पोरं उचलत होते."

"अगं, पण तीही याच जागेसाठी अर्ज करतेय ना?"

"करतेय ना." मावशीने पिशवीतून घडी घातलेला दुसरा कागद काढला. "हाही टाइप करायचाय. बघ, आगीबद्दल अवाक्षर नाही. बारा वर्षांत खाडा केला नाही, एवढंच लिहून मोकळी झाली बाई."

भाचीने तो कागद उलगडून वाचला. "मग या ओळीचं काय करू?"

"तिच्या कागदावर घे. आकड्यांसकट. सगळ्यांत वर."