तीर्थाची वाटी

देवश्रीनं गोळी जिभेवर ठेवली आणि सवयीनं हात पुढे केला. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, तिच्या हातात तीर्थाची वाटी दिली.

"रुको मम्मी!"

ऋता दारात उभी होती. वाटीतलं पांढरं तिला तिथूनच दिसलं होतं. एरवी ही पोरगी आठाच्या आत उठत नाही. आज कोचिंगची टेस्ट होती, म्हणून सहालाच तोंडात ब्रश घेऊन फिरत होती. तोंडातला फेस सांभाळत ती वाटीत डोकावली.

"इसमें तो दूध है."

"तीर्थ आहे ते," नाना म्हणाले. "पंचामृत."

"हाँ, मतलब दूध. दही भी."

देवश्री नुसती बघत राहिली. गोळी जिभेवर विरघळायला लागली होती, तिला बोलता येईना.

डॉक्टरांनी कालच विचारलं होतं. अकरा महिन्यांत गोळी पंचविसावरून सव्वाशेवर गेली होती आणि थायरॉइडचा रिपोर्ट मात्र जागचा हलला नव्हता. डॉक्टर चिडलेच. गोळी विसरता का? नाही. चहाबरोबर घेता? छे, तासभर चहाला हातही लावत नाही. मग कशाबरोबर घेता? पाण्याबरोबर, देवश्री म्हणाली होती. ती खोटं बोलली नव्हती. तीर्थ ती पाण्यातच धरायची; त्यात दूध आहे, हे तिच्या मनातच कधी आलं नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि दीडशेची गोळी लिहून दिली.

ऋता धावत जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन आली. देवश्रीनं गोळी गिळली.

"दूध के साथ ये दवा लगती ही नहीं, नाना," ऋता फोन पुढे करत म्हणाली. "देखो, लिखा है."

नानांनी चष्मा शोधला नाही. "पण हे देवाचं आहे ना, बेटा."

"पेट को थोड़े पता है."

नानांनी देवांकडे पाहिलं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. पहाटे पाचला थंड पाण्यानं अंघोळ करून देवांना न्हाऊ घालायचा, तो गेले अकरा महिने फक्त या सुनेसाठी. गोळ्यांची पाकिटं देवापुढेच असायची. त्यांच्या चंदेरी कागदाला रोज हळदकुंकू लागायचं.

"पहिले पळीभरच देत होतो," ते हळूच म्हणाले. "डॉक्टरनं गोळी वाढवली का मी बी वाढवून राहिलो. मनलं, एवढी तेज दवाई, तिले झेपली पाह्यजे."

देवश्रीला राग आला. चांगलाच आला. अकरा महिने हेच चाललं होतं. आता भर मे महिन्यातही ती पंखा बंद करून चादर ओढून बसत होती. कंगव्यात केसांचे पुंजके येत होते. आवाज इतका घोगरा झाला होता, की ती शिकवायची ती पहिलीतली पोरं तिला घाबरायची. मार्चमध्ये वर्गात फळ्याजवळ उभ्याउभ्याच तिचा डोळा लागला, खडू हातातून पडला आणि नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई दारात आल्या. शाळा उघडेपर्यंत बऱ्या होऊन या, त्या म्हणाल्या होत्या. नाही तर दुसरी टीचर बघावी लागेल. घरात सगळे तिला धीर देत होते आणि ती स्वतःला शिव्या देत होती. आपलंच अंग आळशी, आपलंच कुठंतरी चुकतं.

आणि आता राग आला, तर तो काढायचा कुणावर? समोर नाना उभे होते. त्यांचं सगळं लक्ष सुनेच्या हातातली वाटी हिंदकळू नये याकडे होतं.

"मंग मले गोळी लागते तरी किती?" तिनं ऋताला विचारलं. "पंचवीस? शंभर? का ही कालची?"

"पता नहीं, मम्मी."

"पता नहीं म्हणजे?"

"मतलब अब तक का तो कुछ गिन ही नहीं सकते ना. ग्यारह बजे डॉक्टर को फोन करेंगे. शायद फिर से कम से शुरू करें. फिर छह हफ्ते बाद टेस्ट."

देवश्रीनं बोटांवर आठवडे मोजले. मोजायची खरं तर गरज नव्हती. भिंतीवरचं मे महिन्याचं कॅलेंडर समोरच होतं आणि सहा आठवडे जूनच्या शेवटाला जात होते.

"शाळा सोळा जूनले उघडते," ती म्हणाली.

ऋता ब्रश धुवायला गेली. खाली गल्लीत स्कूटर सुरू होत नव्हती आणि कुणीतरी तिला किक मारत होतं.

नानांनी सुनेच्या हातातून वाटी काढून घेतली. दोन पावलं मोरीकडे गेले आणि थांबले. तीर्थ मोरीत कसं ओतणार? परत देवापुढे ठेवावं, तर ते एकदा दिलेलं. वाटी धरून ते खोलीच्या मध्येच उभे राहिले.

देवश्रीला ते बघवेना. "द्या, नाना. मी मंग घेतो," ती म्हणाली.

"चार घंटे बाद," आतून ऋता ओरडली.

नानांनी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी खुर्ची ओढली, सुनेच्या समोर बसले, वाटी मांडीवर ठेवली आणि माशी बसू नये म्हणून तिच्यावर तळहात धरला.

"खाली ठेवा ना, नाना. चार तास कसे बसान असे?"

"बसतो," नाना म्हणाले. "मले दुसरं येते काय?"