रुळाची ऐरण

लकव्यानं उजव्या हातातलं बळ गेलं, तशी भानुदास लोहाराची कारखान्यातली नोकरीही गेली. घरीच भट्टी लावायची म्हणून त्यानं आणि बायकोनं अंगणात बाभळीचा बुंधा पुरला, त्यावर रुळाचा तुकडा खिळ्यांनी जखडला.

हौसानं तापून लाल झालेली पट्टी सांडशीनं ऐरणीवर धरली. नवऱ्यानं हातोडा कसाबसा उचलला. तो निसटून तिच्या पायाशी पडला.

"ऐरण उंच झाली वाटतं," ती घाईनं म्हणाली. "बुंधा थोडा कापू."

"उंची बरोबर आहे. सांडशी इकडं दे. तू मार."

"अहो, मला कुठं येतं?"

"येईल."

त्यानं डाव्या हातानं सांडशी धरली. तिनं घाव घातला. लोखंड दबलं. त्यानं तोंड फिरवलं. ती घाव घालत राहिली. थांबली असती, तर त्याचे हुंदके ऐकू आले असते.