पाठकोरे कागद

भांडणात सहकाऱ्याला मारहाण केल्याबद्दल उन्मेषने तीन आठवडे तुरुंगात काढले होते. तेव्हापासून नोकरीच्या प्रत्येक अर्जाला तो खुलाशाचे पत्र जोडत असे. आज सुटकेला पाच वर्षे झाली. त्यामुळे गुन्ह्याची नोंद सिंगापूरच्या कायद्याच्या लेखी संपली. यिशुन भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये तो पत्राच्या उरलेल्या प्रती फाडू लागला. “फाडतोस कशाला? पाठकोरे कागद आहेत, ऋताला गणितासाठी होतील,” त्याची बायको कस्तुरी म्हणाली. “ती वाचेल. तिला वाटतं, मी तेव्हा पुण्याला गेलो होतो.” “मग सांग की आता.” “कोणालाही सांगण्याची गरज नाही, असं कायदाच म्हणतो.” “मुलगी आहे ती, एचआर नाही!” आतून हाक आली, “बाबा, रफ पेपर गॉट ऑर नॉट?” उन्मेषने एक प्रत उचलली आणि छापील बाजू वर ठेवून आत ऋताच्या हाती दिली. “धिस साइड फुल लाह!” “हो. आधी तीच वाच.”