जोतीरामचा गृहपाठ

लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आली आणि बडबडी क्रांती मुकी झाली. बाईंनी तिच्या बापालाच गृहपाठ दिला, "रोज लेकीला मायेनं विचारा, कसं वाटतंय?" जोतीरामचा आवाज म्हणजे चार शेतं ओलांडणारा. कंबरेवर हात ठेवून तो गरजला, "क्रांते, कसं वाटतंय? सांग की!" पोरगी दचकून म्हणाली, "अभ्यास झालाय, पप्पा." तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी धार काढताना तो म्हशीला थोपटत नेहमीसारखा पुटपुटला, "दमलीस व्हय गं बाय माझी?" गोठ्याच्या दारातून क्रांती म्हणाली, "पप्पा, मलाबी असंच इचारा की." ओशाळलेल्या बापानं धार अर्धीच टाकून लेकीला थोपटत तसंच विचारलं. मैत्रिणींच्या आठवणीनं ती रडली, मग बोलतच सुटली. रुसलेल्या म्हशीनं बादली लाथाडली. "नीट हुबी ऱ्हा!" जोतीराम खेकसला. "हळू, पप्पा," क्रांती म्हणाली, "घाबरंल ती."