चष्म्याची दांडी

या मंडळी, अशी जवळ सरकून बसा. एका थोर काटकसरी माणसाची कथा सांगतो.

हा गडी हौशी लोकांना मातीची भांडी करायला शिकवायचा. विकतची हत्यारं म्हणजे बावळटांचे चोचले, असं त्याचं ठाम मत. त्या दिवशी भरल्या वर्गात त्यानं छत्रीच्या काडीनं भोकं पाडली, जुन्या बँक कार्डानं भांडं गुळगुळीत केलं आणि तारेच्या वेटोळ्यानं सुकत आलेल्या दुसऱ्या भांड्याच्या बुडाची जादा माती खरवडून दाखवली.

"ही तार म्हणजे आमच्या बाबांच्या चष्म्याची दांडी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"किती जपलीत हो त्यांची आठवण!" पुढच्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. सगळा वर्ग गंभीर होऊन उभा राहिला. यानंही मान खाली घालून ते सांत्वन गोड मानून घेतलं.

तेवढ्यात याचा फोन वाजला. हात मातीनं बरबटलेले, म्हणून त्या बाईंनीच स्पीकर लावला.



"अरे, मी बाबा बोलतोय. माझा चष्मा दिसला का रे कुठं? सकाळपासून चाचपडतोय."

मायबाप हो, त्या कलावंताला खुशाल विसरा. त्या म्हाताऱ्याची तेवढी आठवण असू द्या.