शत्रूचा कायदा

“म्हाताऱ्याला बाहेर काढ, फासाचा दोर बांधून झालाय,” उमराव तंबूच्या दारातून म्हणाला.

आत तरुण सरदार गुईने कैद्याच्या कोरड्या ओठांना आपला पेला लावला होता. यादवीत उमरावाविरुद्ध लढणारा हा किल्लेदार विहीर आटल्यावरच शरण आला होता.

“आता नाही काढता येणार, सरकार. माझ्या तंबूत पाणी प्यायला, पाहुणा झाला.”

“हा कुठला कायदा?”

“शत्रूचा. धर्मयुद्धात मी मुसलमानांच्या हाती सापडलो, तेव्हा त्यांच्या अमीराने मला असंच पाणी पाजलं. मग कुणी मारलं नाही.”

“इथे माझा कायदा चालतो!”

“मग आधी मला लटकवा,” म्हणत गुई कैद्यापुढे उभा राहिला.

उमरावाने तलवारीला घातलेला हात मागे घेतला. मग आत येऊन खोगिरावर बसला.

“दोर सोडा रे,” तो बाहेर ओरडला. “आण गुई, मलाही घोटभर पाणी दे.”