पाळीपाळीने आई

केतकी रेवाच्या वेण्या घालत होती. कानामागच्या चकतीमुळे तिच्या डोक्यात एकाच वेळी चार कामं चालू असायची: ऑफिसची बैठक, आईच्या औषधांची यादी, गॅसचं बुकिंग आणि रेवा. खरं तर एका वेळी एकच. चकती प्रत्येकाला काही क्षण द्यायची आणि पुढच्याकडे वळायची. हात मात्र वेणी घालत राहायचे. ताटकळलेल्या कामाची पाळी आपोआप लवकर लागावी अशी सोयही चकतीत होती, पण बैठकीत सारखी रेवाच मधे येते म्हणून केतकीनेच ती बंद करून टाकली होती.

“आज डब्याच्या वेळी जुईने,” रेवा म्हणाली आणि गप्प बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “माझ्याशी कट्टी घेतली.” परत गप्प.

“अशी मधेच थांबतेस का गं?”

“तू जातेस ना. आलीस की पुढचं सांगते.”

केतकीचे हात थांबले. चार वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने बैठक सोडली, चकती काढून फणीशेजारी ठेवली आणि रेवाला समोर बसवलं.

“आता मी कुठेही जात नाही. सांग बाळा, का घेतली कट्टी?”

“मी तिला म्हटलं की,” रेवा म्हणाली आणि थांबली.

“अगं, मी इथेच आहे.”

रेवाने समजूतदारपणे तिच्या गालाला हात लावला. “असू दे आई. तू ये, मग सांगते.”